रिकामा फेरा

कन्नड तालुक्यातल्या पिशोरसारख्या गावातली मुले खुलदाबादच्या उरुसाला गेली, की त्यांची पावले आधी रहाटपाळण्याकडे वळतात. गर्दी जमण्यापूर्वी चांगला पाळणेवाला काय करतो, हे मात्र फारसे कोणी पाहत नाही. तो नटबोल्टांना पाना लावून बघतो, खिळी जागेवर आहेत ना याची खात्री करतो, आसाला वंगण देतो आणि पाळणा रिकामाच फिरवून त्याचा आवाज ऐकतो. एखादा विद्यार्थी विचारील, ‘पाळणा काल तर नीट चालला होता. मग आज पुन्हा का तपासायचा?’ या प्रश्नाचे उत्तर मिळवायला माणसाला बराच काळ लागला.

पाळणा जुनाच आहे. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६२० मध्ये तुर्की साम्राज्यातल्या, आजच्या बल्गेरियातल्या, जत्रेत फिरते पाळणे पाहिले आणि त्यांचे वर्णन लिहून ठेवले. हाच मंडी पुढे १६३० मध्ये सुरतेहून आग्र्याला जाताना बुऱ्हाणपूरमार्गे गेला. ते पाळणे लाकडी होते आणि हातांनी फिरवले जात. १८९३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस यांनी २६४ फूट उंचीचा पोलादी पाळणा उभारला. त्याला ३६ डबे होते आणि प्रत्येकात ६० माणसे मावत. एवढा भार एका आसावर!

पण आस तुटतो कसा, याचा धडा तोपर्यंत रेल्वेने दिला होता. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला. गाडीला आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. आसावर नेहमीपेक्षा जास्त भार नव्हता, मग तो मोडला का? वापराने लोखंडाची घडणच बदलते आणि ते ठिसूळ होते, असा तेव्हा समज होता. १८४३ मध्ये विल्यम रँकिन यांनी मोडलेले आस तपासून दाखवले, की आसाची जाडी जिथे एकदम बदलते तिथल्या कोपऱ्यात बारीक तडा सुरू होतो आणि तो हळूहळू आत सरकतो.

पुढे जर्मन रेल्वे अभियंता ऑगस्ट वोहलर यांनी आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. फिरत्या आसाचा एकच भाग अर्ध्या फेऱ्यात ताणला जातो, तर उरलेल्या अर्ध्यात दाबला जातो. एका वेळी सहज पेलणारा भारही असा लाखो वेळा उलटसुलट झाला, तर धातू तुटतो. भार कमी केला, तर तो अधिक फेरे टिकतो. यालाच आपण धातूचा थकवा म्हणतो. ‘काल चालला’ याचा अर्थ ‘आजही चालेल’ असा होत नाही. कालचे फेरे आजच्या हिशेबात जमा झालेले असतात.

तरी रोजची तपासणी पुरते का? २६ जुलै २०१७ रोजी अमेरिकेत ओहायो राज्याच्या जत्रेत ‘फायर बॉल’ नावाच्या पाळण्याचा एक भाग निखळला. एक तरुण ठार झाला आणि सात जण जखमी झाले. त्या दिवशीही पाळणा तपासणीत उतरला होता. पण पोकळ तुळईला आतून गंज चढला होता, आणि तो बाहेरून डोळ्यांना दिसत नव्हता. म्हणून रोजच्या पाहणीच्या जोडीला ठरावीक काळाने ध्वनिलहरींनी धातूची जाडी मोजणे, तडे शोधणे आणि प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवणे आवश्यक असते.

वर्गात एक प्रयोग करता येईल. कागदाला लावायच्या सारख्याच पिना मुलांना द्या. काहींनी ती काटकोनात, काहींनी त्याच्या निम्म्या कोनात मागेपुढे वाकवावी आणि तुटेपर्यंतचे फेरे मोजावेत. पिनेचे वाकणे डोळ्यांना दिसते, आसाचे दिसत नाही, एवढा फरक मुलांना जरूर सांगा. मग विचारा: तुटण्याच्या आदल्या फेऱ्याला पीन कशी दिसत होती? बहुतेक मुले म्हणतील, ‘चांगलीच होती.’ पाळणेवाल्याचा तो रिकामा फेरा कशासाठी, हे त्यांना तिथे कळेल.