साबणाचे फुगे आणि रंगांचे ठसे

मराठींत बुडबुडा या शब्दाला प्रतिष्ठा अशी नाहींच. ज्या कीर्तींत सार नाहीं, ज्या उद्योगांत टिकाव नाहीं, त्याला बुडबुडा म्हणावयाचें, अशी रूढि आहे. आणि संसाराची क्षणभंगुरता सांगतांना जलबुद्बुदाचा दृष्टान्त दिला नाहीं, असा कीर्तनकार विरळा. मुलांना मात्र हा उपदेश कधींच पटलेला नाहीं. कोकणांत मोगली एरंडाच्या चिकांत काडीचें कडें बुडवून, तर अन्यत्र रिठ्याच्या अगर साबणाच्या पाण्यांत पपईच्या देठाची पोकळ नळी बुडवून तीं फुगे उडवीत आलीं आहेत. अलीकडे सुटीच्या दिवसांत शहरांतील घरीं या खेळाचें एक नवें रूप दिसतें. साबणाच्या पाण्यांत रंग कालवावयाचा, नळीनें फुंकून त्याचा फेंस काढावयाचा, आणि तो कागदावर टिपून त्या वर्तुळांतून फुलें, मासे, ढग साकारावयाचे. घरांतील वडीलधाऱ्यांना ही साबणाची नासाडी वाटते. परंतु या पोरखेळामागें चारशें वर्षांचा इतिहास आहे. आणि ज्यांनीं त्या इतिहासांत मोलाची भर घातली, त्यांपैकीं कित्येकांचीं साधनें घरांतल्या परातीपलीकडचीं नव्हतीं.

युरोपांतहि फुग्याचा कलेंत प्रवेश झाला तो उपदेशासाठींच. मनुष्य म्हणजे बुडबुडा, ही म्हण रोमन ग्रंथकार व्हारो यानें आपल्या शेतीविषयक ग्रंथांत उल्लेखिली आहे. १५९४ मध्यें हेंड्रिक गोल्ट्सियस या डच कलावंतानें एक चित्र कोरलें. त्यांत एक गुटगुटीत बालक माणसाच्या कवटीवर रेलून फुगे उडवीत आहे. यांतून सुटेल असा कोण आहे, हा त्या चित्राचा मथितार्थ. पुढें सुमारें १७३३-३४ मध्यें शार्दें या फ्रेंच चित्रकारानें तोच विषय घेतला, पण त्यानें कवटी काढून टाकली. खिडकीच्या कठड्यावर ओणवलेला एक तरुण काडीनें फुगा फुगवीत आहे, आणि मागून एक लहान मूल टाचा उंचावून तो पाहत आहे, एवढेंच त्याचें चित्र. फुगा आतां फुटणार, हें पाहणाऱ्याला न सांगतां कळतें. १८८६ मध्यें इंग्लंडांत मिले यानें आपल्या नातवाला समोर बसवून फुगे उडविणाऱ्या मुलाचें चित्र रंगविलें, आणि तें चित्र विकत घेऊन पिअर्स साबणाच्या कारखानदारांनीं त्याची जाहिरात केली. कवटीवर बसलेला फुगा तीनशें वर्षांच्या आंत साबणाच्या वडीवर येऊन बसला!

या सर्व चित्रकारांपुढें एक अडचण समान होती. साबणाचें पाणी रंगहीन, आंतली हवाहि रंगहीन. मग फुग्यावर जांभळा, हिरवा, सोनेरी असे रंग खेळतात ते येतात कोठून? या प्रश्नाकडे शास्त्रज्ञांचें लक्ष सतराव्या शतकांत गेलें. १६७२ मध्यें रॉबर्ट हूक यानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें फुग्यांचें निरीक्षण मांडलें. रंग क्रमाक्रमानें बदलत जाऊन फुटण्यापूर्वीं फुग्यावर काळसर डाग पडतात, ही गोष्ट त्यानें टिपली होती. १७०४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथांत न्यूटननें हें निरीक्षण अधिक नेटकें केलें. हवेच्या झुळकीनें रंग विस्कटतात म्हणून त्यानें फुगा स्वच्छ कांचेखालीं झांकून ठेवला. तेव्हां माथ्यापासून रंगांचीं कडीं निघून संथपणें खालीं सरकतांना दिसलीं. पाणी खालीं ओघळतें, वरचा पापुद्रा पातळ होत जातो, आणि जाडी बदलते तसा रंग बदलतो, हें त्यानें ओळखलें. त्याचें कारण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं टॉमस यंग यानें प्रकाशाच्या लहरींवरून उलगडलें. पापुद्र्याच्या बाहेरच्या व आंतल्या अशा दोन्ही पृष्ठांवरून प्रकाश परततो. या दोन लहरी कोठें परस्परांस बळ देतात, तर कोठें परस्परांस मारतात. जेथें पापुद्रा एका मिलिमीटरच्या तीस हजाराव्या हिश्शाहून पातळ होतो, तेथें बहुतेक सर्वच रंग मावळून काळा डाग उरतो. सारांश, फुग्यावरचा रंग हा कोणीं लावलेला रंग नसून तें जाडीचें माप आहे.

यावरून पाण्यांत रंग कालवून उडविलेला फुगा हवेंत रंगीत कां दिसत नाहीं, याचाहि उलगडा होतो. इतक्या पातळ भिंतींत रंगाचे कण मावणार किती? शिवाय ते पाण्याबरोबर ओघळून तळाशीं गोळा होतात. अमेरिकेंतील टिम किहो या खेळणीं बनविणाऱ्या गृहस्थानें एकरंगी फुगा तयार करण्यासाठीं सुमारें अकरा वर्षें खर्ची घातलीं. रंग जमला तर कपड्यांवर डाग पडत, आणि डाग टाळावे तर रंग जमत नसे. अखेर रंगरसायनांचे जाणकार राम सबनीस यांच्या साहाय्यानें, फुगा फुटल्यावर आपोआप नाहींसा होणारा रंग त्याला साधला, आणि २००५ मध्यें या शोधाचा बोलबाला झाला. हवेंतला फुगा रंगविणें हें असें दुर्घट काम आहे. कागदावर मात्र तोच रंग लहान मुलाच्या हातूनहि उमटतो. याचें मर्म समजण्यास बेल्जममधील एका अंध प्राध्यापकाकडे वळलें पाहिजे.

जोसेफ प्लातो (१८०१-१८८३) हा गेंट येथील विद्यापीठांत पदार्थविज्ञान शिकवीत असे. १८४३ च्या सुमारास त्याची दृष्टि पूर्णपणें गेली. तथापि त्यानंतरच त्यानें फुगे व साबणाचे पडदे यांचा अभ्यास वर्षानुवर्षें चालविला. तारेचे लहान सांगाडे करून ते साबण व ग्लिसरिन यांच्या मिश्रणांत बुडवावयाचे, आणि बाहेर काढल्यावर त्यांत कोणते पडदे धरतात हें पाहावयाचें, अशी त्याची रीत. पाहण्याचें काम घरच्या मंडळींनीं, सहकाऱ्यांनीं व पुढें जांवयानें केलें. विचार मात्र त्याचा. १८७३ मध्यें या परिश्रमाचें फळ दोन खंडांत बाहेर आलें. फेंस कितीहि अस्ताव्यस्त दिसला तरी त्यांत तीनच पडदे एका कडेवर मिळतात व त्यांमधील प्रत्येक कोन १२० अंशांचा असतो. अशा चार कडा एका बिंदूंत मिळतात व त्यांमधील कोन सुमारें १०९.५ अंशांचा असतो. हे नियम गणितानें सिद्ध होण्यास मात्र १९७६ साल उजाडावें लागलें. तें काम जीन टेलर या अमेरिकन विदुषीनें केलें.

प्लातोला विद्यापीठाचें पाठबळ तरी होतें. जर्मनींतील ब्राउनश्वाइग येथें राहणाऱ्या आग्नेस पोकेल्स (१८६२-१९३५) या तरुणीला तेंहि नव्हतें. त्या काळीं स्त्रियांना तेथील विद्यापीठाचें दार बंद होतें, आणि आजारी आईबापांची शुश्रूषा व घरकाम हें तिच्याकडे आलें होतें. तिनें घरींच सुमारें ७० सेंटिमीटर लांब व ५ सेंटिमीटर रुंद असें एक पत्र्याचें उथळ पन्हळ केलें. त्यांत पाणी भरून पृष्ठभागावर पत्र्याची पट्टी मागेंपुढें सरकवावयाची, आणि तवंगाच्या लवलेशानें पाण्याचा पृष्ठताण किती घटतो हें मोजावयाचें, असा तिचा उद्योग दहा वर्षें चालला. साबणाचा फुगा उभा राहतो तोहि पृष्ठावर पसरलेल्या अशाच थराच्या आधारानें. १८९१ च्या आरंभीं तिनें लॉर्ड रॅले यांस पत्र लिहिलें. रॅले यांनीं तें पत्नीकडून भाषांतर करवून नेचर या नियतकालिकाकडे धाडलें, आणि त्याच वर्षीं मार्चमध्यें तें छापून आलें. पुढें याच विषयांतील कार्याबद्दल अर्व्हिंग लँगम्यूर यांस १९३२ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि त्याच वर्षीं पोकेल्सबाईंना ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठानें सन्मान्य पदवी दिली. घरांतील पन्हळाचें मोल कळण्यास पन्नास वर्षें लागलीं.

पाण्याच्या पृष्ठावरचें चित्र कागदावर उचलून घेण्याची कला दक्षिणेलाहि अपरिचित नाहीं. सतराव्या शतकांत आदिलशाही विजापुरांत अब्रीच्या कागदांचा चित्रांत उपयोग होत असे. दाट केलेल्या पाण्यावर रंग शिंपडून, त्यांच्या लहरी कागदावर टिपून, कलावंत त्यांतून घोडे व माणसें यांच्या आकृती साधीत. फेंसाचा ठसा हें त्या कलेचें धाकटें भावंड होय.

त्याची कृति सोपी आहे. एका वाडग्यांत थोडें पाणी, भांडीं घासावयाचा पातळ साबण आणि दाट जलरंग एकत्र करावा. चमचाभर ग्लिसरिन घातल्यास फुगे अधिक टिकतात. नळीनें हळूहळू फुंकून फेंस वाडग्याच्या कांठावर आणावा, नळी काढून जाड कागद त्यावर अलगद टेकवावा व सरळ उचलावा. लहान मुलाच्या नळीला मध्यावर एक भोंक पाडावें, म्हणजे चुकून ओढलें तरी पाणी तोंडांत येत नाहीं. एक रंग वाळल्यावर दुसऱ्या रंगाचा ठसा घ्यावा.

कागद वाळला कीं त्यावर रेषांचें एक नाजूक जाळें दिसूं लागतें. फुग्यांच्या भिंतींतून ओघळलेला रंग जेथें पडदे कागदास भिडले तेथील कडांशीं सांचलेला असतो, आणि त्या कडाच कागदावर उतरतात. जो ओघळ हवेंतल्या फुग्याला रंग चढूं देत नाहीं, तोच येथें चित्र काढतो. जेथें लहानमोठ्या घरांच्या तीन रेषा एकत्र येतात, तेथें कंपासपेटींतला कोनमापक ठेवून पाहावा. कागद थोडा हलला असेल, फेंस थोडा खचला असेल. तरी बहुतेक ठिकाणीं माप १२० अंशांच्या आसपास निघतें. बुडबुडा टिकत नाहीं हें कीर्तनकारांचें म्हणणें खरेंच आहे. परंतु गेंटच्या त्या अंध पंडितानें न पाहतां ओळखलेला नियम, वाडग्यांतला फेंस केव्हांच विरून गेल्यावरहि, मुलाच्या कागदावर शिल्लक असतो.