डीएसएलआर की मिररलेस? पहिला कॅमेरा घेण्याआधी हा हिशेब करा

इंदूर : भंवरकुआं म्हटलं की कोचिंग क्लासेस, होस्टेल आणि खंडवा रोडवरचं देवी अहिल्या विश्वविद्यालय डोळ्यांसमोर येतं. खंडवा-बऱ्हाणपूरकडची कितीतरी मुलं इथे राहून शिकतात. त्यातली काही लग्नसराईत एखाद्या फोटोग्राफरच्या हाताखाली उभी राहतात, काही क्लासच्या तासांचं शूटिंग करतात. दुसऱ्याचा कॅमेरा वर्ष-दोन वर्षं हाताळला की स्वतःचा घ्यायची वेळ येते. पैसा घरचा असतो, नाहीतर हप्त्याचा. निवड चुकली तर दुसरी संधी लवकर मिळत नाही.

नेमका फरक काय?

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आधी आरशावर पडतो आणि तिथून वर डोळ्याकडे जातो. बटण दाबलं की आरसा उचलला जातो. तो 'खटॅक' आवाज त्याचाच. मिररलेसमध्ये हा आरसाच नसतो. प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि तेच चित्र छोट्या स्क्रीनवर दिसतं. त्यामुळे फोटो उजळ येणार की काळवंडणार, हे बटण दाबायच्या आधीच कळतं.

एक गैरसमज मात्र काढून टाकावा. सेन्सर आणि लेन्स सारख्याच दर्जाची असेल तर आरसा असल्या-नसल्याने फोटो चांगला किंवा वाईट येत नाही.

बाजार कुठे चाललाय?

पॅनासॉनिकचा जी१ हा मिररलेस २००८ मध्ये आला. सोनीने २०१३ मध्ये फुल-फ्रेम ए७ काढला. २०१८ मध्ये कॅनन (ईओएस आर) आणि निकॉन (झेड६, झेड७) हेही फुल-फ्रेम मिररलेसमध्ये उतरले. या दोघांचे सर्वात वरच्या श्रेणीतले शेवटचे डीएसएलआर, १डी एक्स मार्क ३ आणि डी६, २०२० चे आहेत. त्यानंतर दोघांचा सगळा जोर मिररलेसवर आहे.

याचा थेट परिणाम लेन्सवर होतो. कॅननच्या जुन्या ईएफ माउंटमध्ये लेन्सची बैठक सेन्सरपासून ४४ मिलिमीटरवर आहे, नव्या आरएफमध्ये २० मिलिमीटरवर. मधल्या जागेत अडॅप्टर बसतो, म्हणून जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालते. उलटं जमत नाही. निकॉनचंही तेच, शिवाय त्यांच्या जुन्या, आतमध्ये मोटर नसलेल्या लेन्स कंपनीच्या अडॅप्टरवर ऑटोफोकस करत नाहीत. थोडक्यात, आज घेतलेली डीएसएलआरची चांगली लेन्स उद्या वाया जात नाही.

वजन आणि बॅटरी

निकॉनचा डी७५०० बॅटरी-कार्डासह ७२० ग्रॅम भरतो, तर झेड५० सुमारे ४५० ग्रॅम. पण ७०-२०० एफ२.८ सारखी मोठी लेन्स दोन्हीकडे १.४ किलोच्या आसपासच असते. म्हणजे बॉडी हलकी झाली तरी लग्नाची बॅग फारशी हलकी होत नाही.

बॅटरीत डीएसएलआर पुढे आहे. कंपनीच्या मोजणीनुसार डी७५०० एका चार्जवर ९५० फोटो काढतो, झेड५० सुमारे ३००. हळदीपासून पाठवणीपर्यंत उभं राहायचं तर मिररलेसवाल्याने दोन जादा बॅटऱ्यांचा खर्च आधीच किमतीत धरावा.

कोणत्या कामाला काय?

- क्लासचे व्हिडिओ, रील : मिररलेस. डीएसएलआरमध्ये व्हिडिओ सुरू झाला की आरसा वर राहतो आणि व्ह्यूफाइंडर काळा होतो.
- मराठी नाटक, गाण्याची मैफल : मिररलेस. आवाज न करता फोटो निघतो, पुढच्या रांगेतले काका मागे वळून बघत नाहीत. मात्र एलईडी दिव्यांत मूक शटरने पट्टे येऊ शकतात, आधी तपासावं.
- रंगपंचमीची गेर : कोणताही चालेल, पण राजवाड्याच्या गर्दीत लेन्स बदलू नये. बऱ्याच मिररलेसमध्ये लेन्स काढताच सेन्सर उघडा पडतो.
- शिकणं, कमी बजेट : जुना डीएसएलआर आणि एक चांगली ५० मिलिमीटर लेन्स.

सेकंडहँड घेताना

बरेच व्यावसायिक मिररलेसकडे वळल्याने वापरलेले डीएसएलआर बाजारात येत असतात. शटर काउंट विचारावा. डी७५०० चं शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून बुरशी बघावी. एफ१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला की सेन्सरवरचे डाग दिसतात. मूळ बिल मागावं. चोरीचा माल असेल तर तिथेच कळतं.

बिलाचं गणित

डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्के झाला. स्वतःची जीएसटी नोंदणी असेल आणि कॅमेरा धंद्यासाठी असेल, तर स्वतःच्या जीएसटी क्रमांकाचं पक्कं बिल घ्यावं. भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं. मात्र क्रेडिट घेतलेल्या कराच्या रकमेवर घसारा लावता येत नाही. बिल नको म्हणून 'कच्च्यात' घेतलेला स्वस्त कॅमेरा वॉरंटीच्या वेळी महागात पडतो.

मोठा कॅमेरा दिसला की गिऱ्हाईकाला भरवसा वाटतो, हे अजून पुष्कळ ठिकाणी खरं आहे. पण अल्बम हातात आल्यावर कॅमेऱ्याचा आकार कुणी विचारत नाही. नवाच घ्यायचा आणि व्हिडिओही करायचा असेल तर मिररलेस. हात तंग असेल तर जुना डीएसएलआर घेऊन उरलेला पैसा लेन्समध्ये घालावा. निर्णयाआधी एखाद्या कार्यक्रमापुरते दोन्ही भाड्याने घेऊन बघितले, तर त्या भाड्यात पुढचं मोठं नुकसान वाचू शकतं.