न गुंफलेली अक्षरे

आद्याक्षरे एकमेकांत गुंफून केलेल्या नाममुद्रेला मोनोग्राम म्हणतात. रोमन लिपीत तिची भिस्त मोठ्या अक्षरांवर असते. हिब्रूत मात्र मोठी-लहान असा भेद नसून अवघी 22 अक्षरे आहेत, ज्यांपैकी पाचांचे रूप शब्दाच्या अखेरीस बदलते. महाराष्ट्रात ही लिपी जपली ती बेने इस्राएल या ज्यू समाजाने. कोकणात तेल गाळणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा म्हणून 'शनिवार तेली' ठरलेला हा समाज मुंबईत स्थिरावल्यावर 1796 मध्ये सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी तेथे पहिले प्रार्थनामंदिर, समाजाच्या बोलीत 'मशीद', उभारले, आणि 1832 मध्ये ख्रिस्ती मिशनरी जॉन विल्सन यांचे मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण निघाले. विल्सन यांचा हेतू धर्मप्रसाराचा असला, तरी पुस्तक उपयोगाचेच होते.

या समाजाच्या दाराच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे तोरा या धर्मग्रंथातील दोन उतारे लिहिलेली चर्मपत्राची गुंडाळी, बसवलेली असते. तिच्या पाठीवरची शीन, दालेत आणि योद ही तीन अक्षरे 'शद्दाय' हे ईश्वराचे नाव होतात, आणि परंपरा त्यांतच 'इस्राएलच्या दारांचा रखवालदार' या शब्दांची आद्याक्षरेही वाचते. नाममुद्रेच्या इतके जवळ जाऊनही येथे गुंफण नाही, कारण आतील मजकुराला कडक दंडक आहे: देवनागरीची अक्षरे शिरोरेखेला लोंबतात तशी हिब्रू अक्षरेही आखलेल्या रेषेखाली लोंबतात, पण प्रत्येकाभोवती कोरे चर्म राहिलेच पाहिजे, आणि एक अक्षर दुसऱ्याला टेकले तरी लेखन बाद होते. ही काटेकोरता अनाठायी नाही. दालेत आणि रेश यांत फरक केवळ वरच्या उजव्या कोपऱ्याचा. तो कोपरा गोल झाला, तर याच मजकुरातील 'एहाद', म्हणजे 'एक', या शब्दाचा 'अहेर', म्हणजे 'दुसरा', होतो आणि ईश्वराच्या एकत्वाची ग्वाहीच उलटते.

दगडाला हा दंडक नसला, तरी कबरींवरही अक्षरे सुटीच राहिली. शिळेच्या माथ्यावरची पे आणि नून ही 'येथे पुरले आहे' या शब्दांची आद्याक्षरे असतात, आणि शेवटच्या अक्षराआधी दिलेल्या दोन बारीक तिरक्या रेघा हा शब्द नसून संक्षेप असल्याचे सांगतात. त्यामुळे हिब्रू आद्याक्षरे रोमन वळणाने एकमेकांत अडकवणाऱ्या आजच्या आरेखनापेक्षा ही दोन रेघांची रीतच लिपीला अधिक शोभते. अशा शिळेवर हिब्रू मजकूर उजवीकडून डावीकडे वाचावा लागतो, तर त्याच शिळेवरचा मराठी मजकूर डावीकडून उजवीकडे.