चिमणीच्या टोकावरची गाळणी

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर विंडस्केल इथे १९४०च्या दशकाच्या अखेरीस दोन अणुभट्ट्या घाईघाईने उभ्या राहत होत्या. बॉम्बसाठी प्लुटोनियम हवं होतं. भट्टीचा गाभा थंड ठेवायचा तो हवेने: मोठाल्या पंख्यांनी ती आत लोटायची आणि सव्वाशे मीटर उंच चिमणीतून थेट आकाशात सोडायची. चिमण्यांचं बांधकाम सुरू झालेलं असताना भौतिकशास्त्रज्ञ सर जॉन कॉक्रॉफ्ट यांनी आग्रह धरला, की या हवेला गाळण्या लावा.

इंजिनिअर वैतागले. गाळणीची सोयीची जागा पायथ्याशी, आणि पायथा तर बांधून झालेला! मग पोलाद आणि काँक्रीट वर चढवून थेट टोकावर खोल्या बांधल्या गेल्या. सडपातळ चिमणीला वर भलंमोठं डोकं फुटल्यासारखं दिसू लागलं. ‘कॉक्रॉफ्टचा मूर्खपणा’ हे नाव तिला चिकटलं ते कायमचंच.

थट्टेला आधारही होता. अमेरिकेत ओक रिज इथल्या भट्टीच्या परिसरात युरेनियमचे कण सापडल्याचं कळल्यावर कॉक्रॉफ्ट सावध झाले होते. ते कण भट्टीतून आलेच नव्हते, शेजारच्या रासायनिक कारखान्यातून आले होते, असं पुढे निघालं. म्हणजे कारण चुकीचं, पण उपाय बरोबर.

१० ऑक्टोबर १९५७ रोजी पहिल्या भट्टीचा गाभा पेटलेला आढळला. दुसऱ्या दिवशी पाणी मारून आणि हवा बंद करून आग विझवली गेली. तोवर वर गेलेल्या धुरातले बरेचसे कण त्या टोकावरच्या खोल्यांत अडकले होते. वायुरूप आयोडीन मात्र मोठ्या प्रमाणात निसटलं, गवतावर बसलं आणि गाईंच्या दुधात उतरलं. सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध ओतून द्यावं लागलं. पण आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं. काही आठवड्यांत दुधावरची बंदी उठली. सिझियम-१३७ निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. जमीन पिढ्यान्‌पिढ्या नासवतं ते हेच.

हा फरक कायद्याच्या भाषेत मांडला तो स्वीडनने. तिथली बार्सेबेक अणुवीज केंद्राची जागा मोठी नाजूक होती: सामुद्रधुनीच्या पलीकडे वीसेक किलोमीटरवर डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. १९७९च्या अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुभट्टीच्या अपघातानंतर दडपण वाढलं आणि १९८५मध्ये भट्ट्यांशेजारी चाळीस मीटर उंचीचा काँक्रीटचा बुरूज उभा राहिला. आत काय? खडी. सुमारे दहा हजार घनमीटर खडी! भट्टीभोवतीच्या कवचात दाब हाताबाहेर गेला, की एक पातळ चकती आपोआप फाटायची आणि वाफ खडीत शिरायची. गार दगडांवर वाफेचं पाणी व्हायचं, कण तिथेच चिकटायचे. ना वीज लागणार, ना बटण दाबणारा माणूस. उरलेले क्सेनॉनसारखे वायू बाहेर पडले तरी ते जमिनीवर बसत नाहीत.

चेर्नोबिलच्या आधीच, १९८६च्या सुरुवातीला स्वीडनने इतर केंद्रांनाही दंडक घातला: गाभ्यातल्या सिझियमचा फार तर हजारावा भाग बाहेर पडावा. तोवर हिशेब मुख्यतः माणसांना मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेचा असे. इथे शेतजमीन आणि जंगल किती वाचेल हेच माप झालं. त्या केंद्रांत खडीऐवजी पाण्याच्या टाक्या आल्या. चेर्नोबिलनंतर जर्मनीनेही ओल्या गाळण्या घेतल्या, फ्रान्सने वाळूच्या.

जपानने घेतल्या नाहीत. फुकुशिमाला दाब सोडायची नळी होती, तिच्यावर गाळणी नव्हती. मार्च २०११च्या तिथल्या अपघातात वारा वायव्येकडे वळला, पाऊस आणि बर्फ पडला आणि भट्ट्यांपासून तीसचाळीस किलोमीटरवरचं इइताते गाव रिकामं करावं लागलं. पुढे शेतांचा वरचा पाचेक सेंटिमीटर थर खरवडून काळ्या पिशव्यांत भरला गेला. फुकुशिमा प्रांतातून अशी कोटभर घनमीटरहून अधिक माती निघाली. तिच्यापुढे बार्सेबेकची खडी म्हणजे किरकोळ खर्च!

२०१३च्या नव्या नियमांत जपानने गाळण्या आणल्या. भारतात भाभा अणुसंशोधन केंद्रानेही अशी यंत्रणा विकसित केली. अमेरिकेत अणुनियामक आयोगाच्या तज्ज्ञांनी फुकुशिमासारख्या भट्ट्यांना गाळणी बसवण्याची शिफारस केली होती. आयोगाने सक्ती केली नाही. दाब सोडायच्या नळ्या मजबूत करा, एवढ्यावरच भागवलं.