कागदाचे बंधन आणि विमा-एजंटाची मोकळीक



आजचा विषय ऐकून कोणास वाटेल की, इतिहासाच्या व्याख्यानात हा विम्याचा फॉर्म कशाला आणला! पण ज्या प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे तो नीट न्याहाळला, तर त्याची मुळे शिरूर-दौंडच्या मातीतच सापडतात.

प्रश्न साधा आहे. असे समजा की, एक तरुण एका विमा एजन्सीत लागला. लागताना त्याच्यापुढे करारनामा आला. त्यात एक कलम होते : एजन्सी सोडल्यापासून दोन वर्षे शिरूर व दौंड या तालुक्यांत तो दुसऱ्या कोणासाठीही विमा मिळवणार नाही. गरजवंताला अक्कल नसते. त्याने सही केली. पुढे सहा-सात वर्षे तो घोडनदीच्या बाजारात, दौंडच्या रेल्वे वसाहतीत, वाड्यावस्त्यांवर हिंडला. शिक्षक, दुकानदार, बागायतदार त्याच्या शब्दावर हप्ते भरू लागले. मग कमिशनावरून बिनसले आणि तो बाहेर पडला. आता त्याने काय करावे? दोन वर्षे घरी बसावे? का मुलूख सोडावा? आणि सही केलेला तो कागद त्याला खरोखर किती बांधतो?

कागद माणसाला किती बांधू शकतो, हे या मुलखाला निराळे सांगावयास नको. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे गावी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांच्या राहत्या घरावर तो उठला. गाव चिडले. सावकाराला पाणी भरावयास माणूस मिळेना, हजामत करावयास न्हावी मिळेना. बहिष्काराचे हे लोण गावोगाव पसरले, आणि १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे, भर बाजारच्या दिवशी, दंगा उसळला. इतिहासात ह्यास 'दख्खनचे दंगे' म्हणतात. त्यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, लोकांचा रोख माणसांच्या जिवावर फारसा नव्हता. तो होता कागदावर. कर्जरोखे आणि वह्या हाती लागल्या की त्यांची होळी होई. शेतकऱ्याला कळून चुकले होते की आपल्याला बांधणारी दोरी त्या दप्तरात आहे.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा केला. त्याने न्यायाधीशास एक नवा अधिकार दिला. रोख्यावर आकडा लिहिला आहे, खाली अंगठा आहे, एवढ्यावर न थांबता तो व्यवहार मुळात कसा झाला हे उकरून पाहण्याचा तो अधिकार. सही ही खरी. पण सहीच्या मागे काय घडले तेही खरे, हे तत्त्व या मुलखातील दुःखातून कायद्यात उतरले.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. त्या बहिष्काराच्या काळी काही गावांनीही एकमेकांत लेखी करार केले : सावकाराची जमीन जो कसेल, त्याची चाकरी जो करील, त्याला गाव वाळीत टाकील. म्हणजे 'अमक्याचे काम करू नकोस' असे बजावणारा कागद तेव्हा पीडितांच्या हातीही होता. बंधनाचा कागद नेहमी बलवानच लिहितो असे नाही. पण भोगावे लागते ते ज्याच्या पोटावर तो पडतो त्याला.

आता ह्याच्या तीनच वर्षे मागे चला. १८७२ साली भारतीय कराराचा कायदा झाला. त्याचे २७ वे कलम आपल्या एजंटाच्या कामाचे आहे. कोणासही कायदेशीर उद्योग, व्यापार वा धंदा करण्यास मज्जाव करणारा करार, त्या मज्जावापुरता, रद्द समजावा, असे ते सांगते. त्यास अपवाद ठेवला तो धंद्याची पत विकण्याचा. शिरूरच्या पेठेतील दुकान कोणी नावलौकिकासह विकले, तर विकणाऱ्याने शेजारीच पुन्हा तेच दुकान मांडू नये, अशी वाजवी अट घालता येते. तेथे विकणाऱ्याने पतीचे पैसे घेतलेले असतात.

हे कलम इंग्लंडातून जसेच्या तसे आलेले नाही. इंग्लंडात १७११ साली एका बेकरीवाल्याच्या खटल्यात न्यायालयाने ठरवले होते की, मज्जाव थोड्या काळापुरता, थोड्या जागेपुरता आणि वाजवी असेल तर तो चालेल. आपले कलम त्याहून कडक आहे. त्याचा नमुना न्यूयॉर्कच्या डेव्हिड डडली फील्ड ह्या वकिलाने रचलेल्या संहितेच्या मसुद्यातून घेतला. त्याच १८७२ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया संस्थानाने त्याच मसुद्यावरून जवळजवळ हाच नियम स्वीकारला. फ्रेडरिक पोलॉक ह्या नामांकित इंग्रज कायदेपंडिताने आपल्या कलमावर टीका केली. पण ते टिकले.

१८७४ साली, म्हणजे ज्या वर्षी करड्यात ठिणगी पडली त्याच वर्षी, कलकत्त्याच्या उच्च न्यायालयापुढे ह्या कलमाची कसोटी लागली. एका मोहल्ल्यात एकाच धंद्याचे दोन दुकानदार होते. एकाने दुसऱ्यास म्हटले, तू येथले दुकान बंद कर, तू कारागिरांना दिलेली उचल मी भरून देतो. दुसऱ्याने दुकान बंद केले. पहिल्याने पैसे दिले नाहीत. खटला झाला, आणि मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच यांनी सांगितले की, बंदी एका मोहल्ल्यापुरती असली तरी ती बंदीच. करार रद्द, म्हणून पैसेही मागता येत नाहीत. बिचाऱ्याचे दुकानही गेले आणि पैसेही! कायदा मोकळीक देतो खरा, पण ती देताना कोणाचे अश्रू पुसतोच असे नाही.

१८८५ साली चहामळ्याच्या एका कंपनीचा खटला आला. नोकरी सुटल्यावर पाच वर्षे चाळीस मैलांच्या आत चहाचा धंदा करू नये, अशी अट होती. चाळीस मैल म्हणजे शिरूरहून जवळजवळ पुणे! न्यायालयाने ती अट मानली नाही. मात्र नोकरी चालू असताना मालकाशी स्पर्धा न करण्याची अट योग्य ठरवली. १८९८ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे झांजिबारच्या एका डॉक्टराचा खटला आला. त्याच्या साहाय्यकाने तीन वर्षांचा करार करून वर्षभरातच स्वतःचा दवाखाना थाटला होता. मुदत संपेपर्यंत त्याला रोखता येते, असे ठरले. तेव्हा रेघ स्पष्ट झाली : करार चालू असताना बांधता येते, करार संपल्यावर नाही.

मग विम्याच्या एजंटाचा प्रश्न तेथेच सुटला असे वाटेल. पण धंद्याने दुसरी वाट शोधली.

आपल्याकडे देशी आयुर्विमा १८७० च्या सुमारास मुंबईत उभा राहिला; १८७४ साली ओरिएंटल आली. स्वदेशीच्या लाटेनंतर गावोगावच्या कर्त्या माणसांनी कंपन्या काढल्या. १९१३ साली अण्णासाहेब चिरमुले यांनी साताऱ्यास वेस्टर्न इंडिया विमा कंपनी स्थापली. जिल्ह्याच्या गावात एवढी संस्था उभी राहते हे महाराष्ट्राने कौतुकाने पाहिले. या कंपन्यांचा कणा म्हणजे एजंट. लोकांना आपल्या मरणाविषयी बोलणे अभद्र वाटे. त्यांच्या ओटीवर बसून, चार वेळा परत येऊन, तो त्यांना पटवी. त्या पायपिटीचा मोबदला पहिल्या वर्षी मोठा, आणि नंतर हप्ता भरला जाईल तितकी वर्षे सुमारे पाच टक्के. शंभर रुपयांच्या हप्त्यामागे पाच रुपये किरकोळ दिसतात. पण दोनशे कुटुंबे असली की वर्षाला हजार होतात, आणि ते म्हातारपणची काठी होतात. धंद्यात ह्यास 'रिन्यूअल' म्हणतात.

कंपन्यांनी ह्या काठीवर हात ठेवला. एजंट गेला की रिन्यूअल बंद! हा अन्याय फार झाला म्हणून १९३८ च्या विमा कायद्यात ४४ वे कलम आले. पुढील दुरुस्त्यांनंतर त्याचे स्वरूप असे होते : ज्याने पाच वर्षे लागोपाठ एकाच कंपनीचे आयुर्विम्याचे काम केले आणि ज्याच्या किमान ५०,००० रुपयांच्या पॉलिसी सोडण्यापूर्वी वर्षभर आधीच्या तारखेस चालू होत्या, त्याचे रिन्यूअल चार टक्क्यांपर्यंत चालू राहील. ज्याने दहा वर्षे असे काम केले त्याचेही चालू राहील; मात्र एजन्सी सोडल्यावर त्याने दुसऱ्या कोणासाठी, उघड वा आडून, विमा मिळवता कामा नये.

ह्यातील शेवटची अट पुन्हा वाचा. २७ वे कलम म्हणते, तुला कोणी अडवू शकत नाही. ४४ वे कलम म्हणत असे, जा. पण दहा वर्षांच्या सेवेच्या आधारावर रिन्यूअल मागत असशील तर दुसऱ्याच्या दारी जाऊ नकोस. बेडी नाही, शिक्षा नाही. फक्त भाकरी शिंक्यावर टांगून ठेवली होती. पुष्कळ माणसे मनाईच्या हुकमापेक्षा अशा अटीनेच जागच्या जागी बसतात, हे जाणत्यांस सांगावयास नको.

आणि मग १९५६ साल उजाडले. १९ जानेवारीस अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. १५४ देशी कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ प्रॉव्हिडंट संस्था, अशा २४५ घरांचे एक घर झाले. साताऱ्याची कंपनीही त्यातच विलीन झाली. बडे मुख्य एजंट आणि खास एजंट यांचे करार कायद्यानेच संपले. त्यांना परिशिष्टातील हिशेबाप्रमाणे भरपाई मिळाली. विमेदारांचे पैसे बुडवणाऱ्या कंपन्यांपासून सुटका झाली, हा मोठा लाभ नाकारता येणार नाही. पण एजंटाच्या मोकळिकीचे काय झाले? सरकारी नोकरांसाठी असलेला टपाल खात्याचा विमा सोडला, तर आयुर्विम्याचे दुसरे घरच उरले नाही. दाराला कुलूप नव्हते. पण रस्त्यापलीकडे दुसरे दारही नव्हते. पुढची चार दशके स्पर्धाबंदीचे कलम लिहिण्याची गरजच पडली नाही.

ह्या काळात न्यायालयांनी इतर धंद्यांत ती जुनी रेघ पक्की केली. कल्याणच्या सेंच्युरी मिलने टायरच्या दोऱ्याची विद्या परदेशी कंपन्यांकडून गुप्ततेच्या अटीवर घेतली होती. तेथील पाच वर्षांच्या करारावरचा एक शिफ्ट सुपरवायझर मध्येच सोडून कोट्याच्या कारखान्यात गेला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यास कराराच्या उरलेल्या मुदतीपुरते, आणि त्याच कामापुरते, रोखले. २००६ साली श्रीरामपूरचा आपला वेगवान गोलंदाज जहीर खान याचा खटला झाला. जाहिरातींची कामे पाहणाऱ्या कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार संपला होता. तरी नव्या कंपनीकडे जाण्यापूर्वी आधी जुनीला विचारावे, अशी अट होती. मुदत संपल्यावर ते बंधन चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

१९९९ च्या कायद्याने विमाक्षेत्र पुन्हा खाजगी कंपन्यांना खुले झाले आणि २००० पासून पुष्कळ दारे उघडली. २०१५ च्या दुरुस्तीने विमा कायद्यातच नियम घातला की, एजंटाने एका वेळी एकाच आयुर्विमा कंपनीचे काम करावे. तो नियम वरच्या रेघेत बसतो : काम चालू असेतो निष्ठा, काम सुटल्यावर मोकळीक.

एजन्सीवाल्यांचेही एक म्हणणे आहे, आणि ते ऐकले पाहिजे. नवख्या पोराला आम्ही शिकवले, परीक्षेस बसवले, आमच्या नावावर लोकांची दारे उघडली. आणि तो आमचीच गिऱ्हाइके घेऊन चालता झाला! हे दुःख खोटे नाही. पण त्यावर उपाय आहेत. गिऱ्हाइकांची गुप्त कागदपत्रे नकलून नेणे हा निराळा अपराध आहे. गुप्ततेच्या अटी न्यायालये जाणतात. शिकवण्याचा खरा खर्च मागता येतो. माणसाचे पोट बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

ह्या सगळ्या वादात एका माणसाचे नाव करारनाम्यात कोठेच नसते : विमेदाराचे. जोंधळा विकून हप्ता भरणाऱ्याला वीस वर्षांची पॉलिसी दिलेली असते. एजंट सुटला की तो पोरका होतो. त्याच्या दारी हप्त्याची आठवण करावयास, आणि काळ आला तर त्याच्या विधवेचा दावा भरून द्यावयास, कोणी येत नाही. उलट सुटलेला एजंटच कमिशनाच्या लोभाने 'जुनी पॉलिसी मोडा, नवी घ्या' म्हणत आला, तर नुकसान त्याचेच. मोकळीक एजंटाची, हक्क एजन्सीचा. पण विश्वास हा विमेदाराचा आहे, आणि तो कोणाच्याच मालकीचा नाही.

आज रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत आपली मुले कामास जातात. पुढे येणाऱ्या कागदांवर ती सह्या करतात, बहुधा न वाचता. त्यांना एवढेच सांगावे : काम चालू असेतो दिलेला शब्द पाळा, गुपित बाहेर नेऊ नका, आणि काम संपल्यावर कोणी तुमच्या सहीकडे बोट दाखवून तुमचा धंदा बंद करू पाहील, तर घाबरून गाव सोडू नका, वकिलाला २७ वे कलम विचारा. करड्याच्या लोकांपाशी असा कायदा नव्हता, म्हणून त्यांच्या भागात रोख्यांच्या होळ्या पेटल्या. आपल्याला काडी ओढण्याची गरज नाही. सही करण्यापूर्वी कागद वाचला, तरी पुष्कळ झाले.