डिझेल ट्रकचे मायलेज
ट्रक एक लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर धावतो, हे भार व रस्त्याबरोबरच डिफरन्शियलचे गुणोत्तर, टायरचा घेर आणि वेग यांवरही ठरते. ३.२ मीटर घेराचा टायर ताशी ६० किमी वेगाला मिनिटात सुमारे ३१२ फेरे घेतो. थेट टॉप गिअरमध्ये गुणोत्तर ६ असेल तर इंजिनचे फेरे सुमारे १,८७५ होतात. ५ असेल तर १,५६०. कमी फेऱ्यांत इंजिनातील घर्षण घटते व सपाट रस्त्यावर डिझेल वाचते. घाटात मात्र वारंवार गिअर उतरवावा लागून तो फायदा बुडतो. मोठ्या टायरचा परिणाम असाच. शिवाय ओडोमीटर अंतर कमी दाखवतो, त्यामुळे मायलेज उगाच घसरल्यासारखे वाटते. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ताशी ६० वरून ८० किमीला तो जवळजवळ पावणेदोन पट होतो.