एमपी३ चा इतिहास आणि आईचा तानपुरा

आज लढाईचा नव्हे, एका फाइलचा इतिहास सांगतो. त्यात माझी एक चूकही आहे.

२००३ साली मी आईच्या गाण्याच्या ६० मिनिटांच्या २२ कॅसेट संगणकावर उतरवल्या. सगळं एकाच सीडीवर बसावं म्हणून ६४ किलोबिटचं एमपी३ केलं आणि कॅसेट रद्दीत दिल्या. आई गेल्यावर हेडफोन लावून ऐकलं. शब्द होते, सूर होता. पण तानपुरा पाण्याखाली वाजल्यासारखा. असं का झालं?

मी सिग्नल्सचा माणूस. आम्हाला शिकवलं होतं, टेलिफोनला ३०० ते ३४०० हर्ट्झ पुरे. हुकूम समजला म्हणजे झालं. डिजिटल टेलिफोनची एक लाइन सेकंदाला ६४ हजार बिट नेते. सीडीच्या संगीताला मात्र सुमारे १४ लाख ११ हजार लागतात, म्हणजे २२ पट. जर्मनीतल्या एर्लांगनचे प्राध्यापक डीटर झाइट्सर यांना टेलिफोनच्या तारेवरून संगीत पाठवायचं होतं. त्यांचे विद्यार्थी कार्लहाइन्झ ब्रांडनबुर्ग यांनी तो प्रश्न हाती घेतला.

उत्तर कानातच होतं. तोफ उडाली की शेजाऱ्याची कुजबुज ऐकू येत नाही. उडाल्यानंतरही क्षणभर नाही. मोठा आवाज जवळच्या बारीक आवाजाला झाकतो. मग जे झाकलं जाणार, ते साठवायचं कशाला? ते टाकून द्या. हीच एमपी३ची युक्ती.

पण सुझान वेगा यांचं ‘टॉम्स डायनर’ हे गाणं आलं आणि युक्ती फसली. साथीला एकही वाद्य नाही, नुसता आवाज. दोष लपायला जागाच नाही. ब्रांडनबुर्ग यांनी ते पुन्हा पुन्हा ऐकून पद्धत सुधारली. १४ जुलै १९९५ला फाइलच्या नावामागे ‘एमपी३’ लावायचं ठरलं.

आपल्या संगीताचं काय? तानपुऱ्याची जवारी म्हणजे बारीक उपस्वरांचा गुंजारव. बिट कमी पडले की आधी वरचे स्वर छाटले जातात. तबल्याची खणखणीत ‘ना’ बोथट होते, कारण फाइल आवाजाचे तुकडे पाडते आणि चूक थापेच्या आधीच्या शांततेत पसरते.

एमपी३ला दोष देणार नाही. २५६ किंवा ३२० किलोबिटला माझ्या कानांना फरक कळत नाही. त्या छोट्या फाइलमुळेच दूरच्या चौकीतल्या जवानाच्या खिशात शेकडो गाणी मावली. चूक माझी. १२८ किलोबिट ठेवले असते तर दुसरी एक सीडी लागली असती, एवढंच.

टाकलेलं परत येत नाही. लहान फाइल मोठी केली तरी आकार वाढतो, आवाज नाही. म्हणून घरात जुन्या कॅसेट असतील तर आधी ‘फ्लॅक’मध्ये उतरवा, त्यात काही गळत नाही. ऐकायला हवी तेवढी एमपी३ मग करा. आणि मूळ कॅसेट कपाटात राहू द्या.

जय हिंद.